कोल्ड स्टोरेजमधला अमोनिया सुटला तर ढग कुठवर जाईल? हिशेब पायरीपायरीने

जानेवारीत नाशिक जिल्ह्यात दोन गोष्टी एकाच वेळी होतात. निफाडच्या नीचांकी तापमानाच्या बातम्या सुरू होतात आणि पिंपळगाव बसवंत, ओझर, मोहाडी, दिंडोरी या पट्ट्यातली प्री-कूलिंग युनिटे आणि कोल्ड स्टोरेज द्राक्षासाठी रात्रंदिवस चालू लागतात. या प्लँटमध्ये गारवा तयार करायला अमोनिया वापरतात, आणि त्याच्या दृष्टीने ही गाठ वाईट. विषारी वायूचा ढग सर्वांत लांब पोचतो तो निरभ्र, थंड, वारा पडलेल्या पहाटे. आणि प्लँटमध्ये चार्जिंग (अमोनिया भरणे), ऑइल ड्रेन (साचलेले तेल काढणे), व्हॉल्व्हची उघडझाप सर्वांत जास्त होते तीही याच दिवसांत.

हा लेख कोल्ड स्टोरेजचे मॅनेजर, सातपूर-अंबड-सिन्नरकडचे सेफ्टी ऑफिसर आणि आपत्कालीन आराखडे लिहून देणारे सल्लागार यांच्यासाठी आहे. ढग कुठवर जाईल ते काढायचे सॉफ्टवेअर म्हणून ‘अलोहा’ घेतले आहे. अमेरिकेच्या ‘नोआ’ (सागर आणि हवामान संस्था) आणि पर्यावरण संरक्षण संस्थेने ते मिळून तयार केले असून ते फुकट मिळते आणि इंटरनेटशिवाय चालते. पण सॉफ्टवेअरचे काम शेवटच्या अर्ध्या तासाचे. उत्तर ३०० मीटर येणार की २ किलोमीटर, हे त्याआधी तुम्ही वहीत काय लिहिले त्यावर ठरून गेलेले असते. म्हणून लेखाचा जास्त भाग त्या वहीवर आहे.

प्रश्न आधी लिहून काढा

“गळती झाली तर काय होईल?” या प्रश्नाला मॉडेल उत्तर देऊ शकत नाही. “लिक्विड लाइनचा फ्लँज फुटला आणि दहा मिनिटांनी व्हॉल्व्ह बंद झाला, तर पहाटे पाच वाजता कोणती वस्ती रिकामी करायची आणि कोणाला घरातच थांबवायचे?” याला देऊ शकते. असेंब्ली पॉइंट (लोकांनी जमायची जागा) कुठे ठेवायचा, विंडसॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी) कुठून दिसला पाहिजे, सायरन कुठवर ऐकू गेला पाहिजे, असे दोन-तीन ठोस प्रश्न पुरतात.

कायद्याचे एका वाक्यात. घातक रसायनांच्या १९८९ च्या नियमांत अमोनियाच्या साठ्याची खालची मर्यादा ६० टन आहे, आणि द्राक्ष पट्ट्यातली बहुतेक कोल्ड स्टोरेज तिच्या आसपासही नसतात. त्यामुळे “आपल्याला लागू नाही” असे म्हणून विषय मिटवला जातो. माझ्या मते हे चूक आहे. ढगाला साठा किती आहे याच्याशी देणेघेणे नसते, दर सेकंदाला किती बाहेर पडतो याच्याशी असते.

प्लँट रूममध्ये वही घेऊन

ड्रॉइंगवर विसंबू नका, ऑपरेटरबरोबर लाइन चालत पाहा. रिसिव्हर (द्रव अमोनियाची दाबाखालची टाकी), लो-प्रेशर व्हेसल, पंप, कंडेन्सर, चेंबरकडे जाणारी लिक्विड लाइन आणि परत येणारी सक्शन लाइन या प्रत्येक तुकड्यासाठी तीन गोष्टी टिपा: आत द्रव आहे की वायू, दाब किती, आणि तो तुकडा वेगळा पाडणारा व्हॉल्व्ह कुठे आहे. तिसरी सर्वांत महत्त्वाची. तो व्हॉल्व्ह गळतीच्याच खोलीत असेल, तर कागदावर “दोन मिनिटांत बंद” लिहिण्याला अर्थ नाही. श्वसनसंच चढवून, जोडीदार घेऊन माणूस आत जाईपर्यंत किती वेळ जातो ते मॉक ड्रिलमध्ये घड्याळ लावून बघा आणि तोच आकडा वापरा.

दाबासाठी लॉगबुक उघडा. ऑपरेटर “हेड १५५” म्हणतो तेव्हा तो कॉम्प्रेसरमधून बाहेर पडणाऱ्या बाजूचा दाब पीएसआयमध्ये, गेजवरचा सांगत असतो. ते साधारण १०.७ बार होतात. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच, त्यामुळे इथल्या हवेचा दाब ०.९५ बारच्या आसपास. मिळून निरपेक्ष दाब ११.७ बार, म्हणजे रिसिव्हरमधला द्रव अमोनिया ३० अंशाला आहे. हेड १८० असेल तर तो ३५ अंशाच्या जवळ. हे तापमान पुढे लागणार आहे.

फुटण्याच्या जागा निवडताना अख्खा रिसिव्हर फाटण्यापासून सुरुवात करू नका. ते एकदा करून ठेवा, पण रोजच्या आराखड्यासाठी ऑइल ड्रेनचा उघडा राहिलेला व्हॉल्व्ह, ग्लँड, गॅस्केट, चार्जिंगचा होस, गेज ग्लास या जागा पाहा. एवढ्यांसाठी ६, १० आणि २५ मिलिमीटरची भोके धरली तरी चित्र स्पष्ट होते.

एकच भोक, तीन उत्तरे

नवखा माणूस हमखास इथेच फसतो. १० मिलिमीटरचे भोक, आत ३० अंशाचा अमोनिया. दर किती?

भोक रिसिव्हरच्या वरच्या भागात, वायूच्या बाजूला असेल तर वायू ध्वनीच्या वेगाने कोंडून बाहेर पडतो. दर येतो सुमारे ०.१३ किलो प्रतिसेकंद.

तेच भोक द्रवाच्या पातळीखाली, थेट टाकीच्या पत्र्याला पडले तर द्रवाला उकळायला वेळच मिळत नाही. बर्नुलीचे साधे समीकरण लागू पडते: भोकाचे क्षेत्रफळ, गुणिले ०.६१, गुणिले ‘दोनदा घनता गुणिले दाबातला फरक’ याचे वर्गमूळ. घनता ५९५ किलो प्रति घनमीटर धरली की दर येतो १.७ किलो प्रतिसेकंद.

आणि द्रव पाइपच्या तुकड्यातून किंवा व्हॉल्व्हमधून, म्हणजे दहाएक सेंटिमीटर किंवा जास्त अंतर कापून बाहेर आला, तर तो वाटेतच उकळू लागतो. वाफ वाट अडवते आणि दर ०.७ किलोच्या आसपास येतो.

वायू आणि द्रव यांच्यात तेरापट फरक. म्हणून वहीत ‘भोक १० मिमी’ एवढेच लिहिलेले असेल तर ती नोंद निरुपयोगी आहे; ‘पातळीच्या खाली की वर, पत्र्याला की पाइपला’ हेही लिहा. अलोहा हा प्रश्न विचारते. पण पाइपसाठी त्यात दिलेला वेगळा पर्याय फक्त वायूच्या पाइपलाइनचा आहे. लिक्विड लाइनसाठी ‘टाकी’ हाच पर्याय घ्यायचा आणि गळती ‘आखूड पाइप किंवा व्हॉल्व्हमधून’ असे सांगायचे.

“अमोनिया हलका, वर निघून जातो”

हे वाक्य प्रत्येक प्लँटमध्ये ऐकू येते, आणि ते अर्धेच खरे आहे. शुद्ध अमोनिया वायू हवेच्या जेमतेम ०.६ पट जड. खोलीतल्या बारीक वायुगळतीत तो छताकडे जातो, हेही बरोबर. पण दाबाखालचा द्रव बाहेर आला की गोष्ट बदलते. अमोनियाचा उत्कलनबिंदू उणे ३३ अंश. ३० अंशाचा द्रव एकदम हवेच्या दाबाला आला की स्वतःचीच उष्णता वापरून त्यातला साधारण पाचवा हिस्सा क्षणात वायू होतो आणि उरलेल्याचे बारीक थेंब होऊन वायूबरोबर उडतात. हे थेंब हवेतली उष्णता ओढून घेत वाफ होत जातात. हवा, थेंब आणि थंड वायू यांचे हे मिश्रण भोवतालच्या हवेपेक्षा जड असते. पांढऱ्या धुक्यासारखे ते जमिनीलगत सरकते, सखल भागात उतरते.

१९८३ मध्ये अमेरिकेतल्या नेवाडाच्या वाळवंटात ‘डेझर्ट टॉर्टॉइज’ नावाच्या चाचण्यांत दाबाखालचा अमोनिया मुद्दाम सोडून मोजमापे घेतली गेली. ढग खाली, जमिनीला धरूनच पसरला. दक्षिण आफ्रिकेतल्या पॉचेफस्ट्रूम इथे १९७३ मध्ये अमोनियाची टाकी फुटली तेव्हा १८ जण मरण पावले. तिथेही ढग वर निघून गेला नाही.

किती थेंब हवेत राहतात आणि किती जमिनीवर पडून डबके होते, यावर तज्ज्ञांतही एकमत नाही. आराखड्यासाठी सगळेच हवेत राहते असे धरा. डबके झालेच, तर त्यावर पाण्याचा फवारा मारायचा नाही, हे ड्रिलमध्ये पुन्हा पुन्हा सांगा. पाणी डबक्याला उष्णता देते आणि वाफ जोरात सुटते. पाण्याचा पडदा ढगाच्या वाटेत धरायचा असतो, द्रवावर नाही.

हवामान

हवामानशास्त्रज्ञ पास्क्विलने १९६१ मध्ये मांडलेले ए ते एफ असे स्थैर्याचे सहा वर्ग आजही वापरात आहेत. ए म्हणजे कडक ऊन आणि मंद वारा. हवा वरखाली घुसळते, ढग लवकर विरतो. डी म्हणजे ढगाळ किंवा जोराचा वारा. एफ म्हणजे निरभ्र रात्र, वारा मंद, जमीन गार पडून तिच्यावरची हवा थिजलेली. ढग पातळ होत नाही, नुसता सरकतो.

नाशिकसाठी हे असे वाचा. पावसाळ्यात वारा बहुधा पश्चिम-नैऋत्येचा, आकाश भरलेले, म्हणजे डी. एप्रिलच्या दुपारी ए किंवा बी. डिसेंबर ते फेब्रुवारी, सूर्यास्तानंतर ते सूर्य वर आल्यावर धुके फाटेपर्यंत, एफ. भोपाळची २-३ डिसेंबर १९८४ ची रात्र आणि विशाखापट्टणमची ७ मे २०२० ची पहाट आठवा. दोन्ही वेळा वायू सुटला तेव्हा लोक झोपेत होते आणि वातावरण वायूला वर जाऊ देणारे नव्हते.

फरक किती पडतो ते हातानेच काढून पाहू. ०.७ किलो प्रतिसेकंद दर घ्या, म्हणजे तीन उत्तरांतले मधले. गाउसच्या मॉडेलप्रमाणे केंद्ररेषेवर, जमिनीलगतची तीव्रता काढायची तर गळतीच्या दराला पाय (३.१४), वाऱ्याचा वेग, आडवा पसारा आणि उभा पसारा या चौघांच्या गुणाकाराने भागायचे. लक्ष्य १६० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत १६० भाग; हाच आकडा का, ते पुढे येते), म्हणजे साधारण ११२ मिलिग्रॅम प्रति घनमीटर.

वर्ग डी, वारा ५ मीटर प्रतिसेकंद: मोकळ्या रानात ३२० मीटरवर आडवा पसारा २५ मीटर आणि उभा १६ मीटर असतो. गुणाकार करून भागा, ११२ च्या जवळ येते. म्हणजे अंतर ३२० मीटर.

वर्ग एफ, वारा १.५ मीटर: तीच तीव्रता गाठायला आडवा पसारा ७० आणि उभा १९ लागतो, आणि तो मिळतो १.९ किलोमीटरवर.

भोक तेच, दर तोच, अंतर सहापट. मालकाला दाखवायला यापेक्षा चांगली दोन ओळींची गोष्ट नाही.

मात्र हा १.९ चा आकडा जसाच्या तसा आराखड्यात टाकू नका. दीड मीटरच्या वाऱ्याला १.९ किलोमीटर जायला एकवीस मिनिटे लागतात. व्हॉल्व्ह दहा मिनिटांत बंद झाला तर तिथे पोचतो तो धुराचा अखंड पट्टा नसून विरळ होत चाललेला एक पुंजका. शिवाय हे समीकरण जड ढगासाठी बनलेलेच नाही. तरीही पडताळ्यासाठी ते उत्तम: अलोहाचे उत्तर याच्या दहापट किंवा दशांश आले, तर कुठेतरी एकक चुकले आहे. आणि एकवीस मिनिटे हा आकडा जपून ठेवा. फोन करायला तेवढाच वेळ हातात आहे.

कोणत्या पीपीएमला रेषा मारायची

अलोहा अमोनियासाठी आपणहून ‘एईजीएल’ (अपघाती संपर्कासाठी ठरवलेल्या मार्गदर्शक) पातळ्या घेते. तासाभराच्या संपर्कासाठी त्या अशा: ३० पीपीएमला त्रास जाणवतो पण तो उतरतो, १६० च्या वर कायमची इजा होण्याची किंवा स्वतःहून पळ काढता न येण्याची शक्यता, ११०० च्या वर जिवाला धोका. दहा मिनिटांसाठी दुसरी पातळी २२० आणि तिसरी २७०० आहे. लोकवस्तीसाठी मी तासाच्याच पातळ्या ठेवतो, कारण व्हॉल्व्ह वेळेवर बंद होईलच यावर माझा भरवसा कमी. अमोनियाचा वास ३० पीपीएमच्या बराच खाली येतो. त्यामुळे फोन पिवळ्या पट्ट्याच्याही (अलोहाच्या निकालातल्या ३० पीपीएमच्या पट्ट्याच्या) बाहेरून येतील, हे कंट्रोल रूमला आधी सांगून ठेवा.

क्लोरीन हा वेगळाच प्राणी आहे. जलशुद्धीकरण केंद्रातला टनर (क्लोरीनचे मोठे सिलिंडर) ९०० किलोचा, वायू हवेच्या अडीचपट जड, आणि दुसरी पातळी फक्त २ पीपीएम. पायऱ्या याच, पण अमोनियाचे अंतर पाहून क्लोरीनचा अंदाज बांधू नका.

आता अलोहा

ठिकाण नव्याने नोंदवा. उंची नीट टाका, सॉफ्टवेअर त्यावरून हवेचा दाब काढते. इमारतीचा प्रकार एकमजली किंवा दुमजली निवडला की घराच्या आत किती वायू शिरेल तेही कळते. मग रसायन, मग हवामान.

हवामानाच्या पानावर तीन खड्डे आहेत. वारा किती उंचीवर मोजला ते विचारले जाते. विमानतळाचा आकडा १० मीटर उंचीचा असतो, तुमच्या गच्चीवरच्या हातातल्या मीटरचा नाही. दुसरा, १ मीटर प्रतिसेकंदाच्या खालचा वारा अलोहा स्वीकारतच नाही; कडवा नदीच्या किंवा गोदावरीच्या काठी पहाटे खरोखर तेवढाही नसतो, तिथे दिशेचा भरवसा सोडून पूर्ण वर्तुळच काढायचे. तिसरा, ‘इन्व्हर्जन’चा रकाना. हिवाळ्याची पहाट म्हणून लोक तिथे खूण करतात. जमिनीला टेकलेले इन्व्हर्जन एफ वर्गातच आलेले आहे. तो रकाना वर, काही उंचीवर असलेल्या थरासाठी आहे. तो कोरा सोडा.

जमिनीचा खडबडीतपणा निफाड-दिंडोरीकडे ‘मोकळे रान’, सातपूर-अंबडला ‘शहर किंवा जंगल’. द्राक्षाचा मांडव या दोहोंत बसत नाही. वेलीखाली थंड वायू साचून राहू शकतो आणि मॉडेलला ते कळत नाही, एवढी टीप अहवालात लिहा.

मग स्रोत. आडवी नळकांडी टाकी, व्यास आणि लांबी. आत द्रव. इथे तापमान विचारले जाते आणि ‘बाहेरच्या हवेइतके’ हा सोपा पर्याय समोर असतो. पहाटेची हवा ८ अंशाची टाकली असेल तर सॉफ्टवेअर रिसिव्हरमधला अमोनियाही ८ अंशाचा समजेल, दाब ११.७ वरून सहा बारच्या खाली नेईल आणि गळतीचा दर उगाच कमी दाखवेल. कॉम्प्रेसर चालू असताना रिसिव्हर तेवढा गार नसतो. लॉगबुकमधले ३० अंश इथे टाका.

‘थेट दर’ हा पर्याय टाळा. त्यात आकडा दिला की अमोनिया हलका वायू म्हणून गाउसच्या मॉडेलला जातो. हे रसायन उकळत दोन अवस्थांत बाहेर पडू शकते, दोन्ही मॉडेल वापरून पाहा, असा इशारा सॉफ्टवेअर देते, पण तो वाचतो कोण. टाकीतून गेलात तर जड वायूचे मॉडेल निवडले जाते. निकालाच्या मजकुरात कोणते मॉडेल चालले ते लिहिलेले असते, दर वेळी बघा.

निकालात लाल, केशरी, पिवळा असे तीन पट्टे येतात आणि भोवती वाऱ्याची दिशा किती ढळू शकते त्याच्या रेषा. मंद वाऱ्यात त्या जवळजवळ गोल होतात. अलोहा तासाभराच्या आणि १० किलोमीटरच्या पलीकडे पाहत नाही. ५० मीटरच्या आतला पट्टा काढत नाही. टेकडी, ओढा, इमारतींची रांग तिला ठाऊक नसते. भोकातून एका दिशेला जोरात सुटणारा झोत ती धरत नाही. पांडवलेणीच्या पायथ्याला किंवा नासर्डीच्या पात्रालगत प्लँट असेल तर ढग उताराने खाली येईल हे स्वतः नकाशावर आखावे लागते. तेवढ्याने भागत नसेल आणि मोठा साठा असेल, तर ‘फास्ट’सारख्या सशुल्क सॉफ्टवेअरचे काम आहे, आणि ते चालवणाऱ्या अनुभवी माणसाचे.

प्रत्येक घटनेसाठी किमान चार वेळा चालवा: डी-५ आणि एफ-१.५, त्यात व्हॉल्व्ह दहा मिनिटांनी आणि तीस मिनिटांनी बंद. गळतीचा वेळ अलोहाला थेट सांगता येत नाही. तेवढ्या वेळात सुटेल तेवढाच माल टाकीत आहे असे धरून तो बसवावा लागतो.

नकाशावर कोण राहते

पट्टा गूगल अर्थवर टाका आणि प्रत्यक्ष फिरून या, शक्यतो पहाटेच. उपग्रहाच्या चित्रात शाळा दिसते, अंगणवाडी दिसते. पेठ-सुरगाण्याहून छाटणी-काढणीसाठी आलेल्या मजुरांची बांधावरची प्लास्टिकच्या कागदाची पालं दिसत नाहीत, कारण ती हंगामापुरती असतात. “दारे-खिडक्या लावून घरातच थांबा” ही सूचना पक्क्या घरासाठी चांगली आहे. पालासाठी ती निरर्थक. अलोहात इमारतीचा प्रकार न निवडता ताशी किती वेळा हवा बदलते तो आकडा स्वतः देता येतो. तो वाढवत नेऊन बघा, आतली तीव्रता बाहेरच्याला कशी जाऊन भिडते ते दिसेल. त्या वस्तीसाठी वेगळा मार्ग ठरवा: वाऱ्याला आडवे, उंचावर, ओढ्यात नाही. आणि त्यांच्या मुकादमाचा नंबर फोनच्या यादीत सरपंच, पोलीस पाटील यांच्या जोडीने वर ठेवा.

असेंब्ली पॉइंट दोन हवेत, प्लँटच्या विरुद्ध बाजूंना. एकच असेल तर वर्षातून काही महिने तो वाऱ्याखाली येणारच. विंडसॉक पॅकहाउसच्या दारातून दिसला पाहिजे आणि रात्री त्यावर दिवा हवा.

गावासाठीचा आराखडा तहसीलदारांपर्यंत पोचवा, अग्निशमन दलाला प्रत द्या. १९९६ च्या नियमांनुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा पातळीवरचा गट असतो. मोठ्या कारखान्यांचे आराखडे तिथे जातात, पण लहान प्लँटची एक पानाची प्रतही तिथे असायला काही हरकत नाही.

त्या पानावर पुढच्या गोष्टी असाव्यात: भोकाचा आकार आणि जागा, द्रव की वायू, तापमान, दर, हवामानाचा वर्ग, वारा, तीन अंतरे, ढग जवळच्या वस्तीला पोचायला लागणारी मिनिटे, अलोहाची आवृत्ती आणि तारीख. रिसिव्हर बदलला, नवा चेंबर जोडला, व्हॉल्व्हची जागा हलली किंवा शेजारी नवी वस्ती उभी राहिली की जुने पान काढून पुन्हा हिशेब करायचा. फाइल सेव्ह करून ठेवली असेल तर याला तासाभरापेक्षा जास्त वेळ लागत नाही.